मॅग्नमवाल्याची काजळी

ओक्लाहोमातल्या बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे लोर्नाचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि बायकांना अक्कल शिकवणाऱ्या पुरुषांचा तिला वीट आला होता. त्या दिवशी एकट्या राहणाऱ्या प्रुइटबाई रिव्हॉल्व्हर बघत होत्या. दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवरून नुकताच आलेला गिऱ्हाईक वेंडल लगेच मध्ये तोंड खुपसून म्हणाला, "थर्टी-एट? त्या बारक्या गोळीनं डासच मरतील, बाई! घरात चोर शिरला तर दणदणीत मॅग्नमच हवी."

"आणि आत्ता काय झाडून आलास?" लोर्नानं विचारलं.

"सरावाला थर्टी-एटच. स्वस्त पडते, झटका कमी, शिवाय मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात चालते. वर्षानुवर्षं तेच करतोय."

"मग आता भर तुझी मॅग्नम."

आखूड थर्टी-एट गोळ्या झाडून झाडून त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रातल्या भोकांत, गोळीच्या टोकापुढे, काजळीचं घट्ट कडं साचलं होतं. लांब मॅग्नम गोळी त्यावर अडकली, पुरती आत जाईना. वेंडलनं अंगठ्यानं दाबली, शिवी हासडली, पुन्हा दाबली.

"शी! घरातली मोरी तरी घासतोस का रे?" लोर्नानं नाक मुरडलं. "चोर आला ना, की त्याला कॉफी दे. म्हणावं, बस जरा, मी ब्रश शोधतोय."