एक गोण, दोन मिनिटं

माइकची वायर तुटली तेव्हा ग्रामसभेला सव्वा तास झाला होता आणि पहिला विषय अजून सुरूच व्हायचा होता. वायर नसल्यानं कुणाचं काही अडलं नाही. आवाज मूळचेच मोठे.

मी इथली ग्रामसेविका. हल्ली आमच्या पदाचं नाव बदललंय, काम तेच. सभेत कोण काय बोललं ते लिहायचं आणि ठरलेलं करून घ्यायचं. त्या दिवशी लिहायला रग्गड होतं, करून घ्यायला काही नव्हतं. सरपंच विलास म्हणत होता, नळयोजना बाळातात्यांच्या काळात बंद पडली. माजी सरपंच बाळातात्या म्हणत होते, विलासच्या पक्षानं ती बंद पाडली. मुंबईची चाकरमानी मंडळी व्हॉट्सॲप ग्रुपवरून तेल ओतत होती.

विषय होता वनराई बंधारा. सिमेंटच्या, खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि पऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या ओढ्यात, आडव्या रचायच्या. पाणी अडतं, मुरतं, खालच्या विहिरींना लागतं. टेंडर नको, मशीन नको. फक्त पऱ्या वाहता आहे तोवर बांधायला हवा. दिवाळी उलटली होती आणि पाणी रोज कमी होत होतं.

शेवटी सुगंधाकाकू उठल्या. पऱ्याखालची विहीर त्यांची.

"माझ्या लेकीला पाचवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं. पण शिमग्याआधी माझी विहीर आटते. तिला आणू की नको, येवढंच सांगा."

"काकू, ते तात्यांना विचारा," सरपंच म्हणाला.

"मला कशाला? सत्ता कुणाची?" तात्या गरजले.

काकू गुमान खाली बसल्या. माझं डोकंच फिरलं! मी सरपंचाला बाजूला घेतलं. "सभा तहकूब करा." तहकूब म्हणजे रद्द नव्हे, पुढं ढकललेली. "रविवारी सकाळी पऱ्यात घेऊ."

"पऱ्यात? बसायचं कुठं?"

"बसायचंच नाही. एक गोण भरून रचायची, मग दोन मिनिटं बोलायचं. गोण नाही, तर बोलणं नाही."

तो खो खो हसला. "चालेल! तात्या काय गोण उचलतायत!"

हे कुणीतरी तात्यांच्या कानावर घातलं.

रविवारी मी पोचले तर तात्या लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून माती भरत होते. पहिली गोण त्यांची. मोबाइलवर दोन मिनिटं लावली. तात्यांनी नळयोजनेचा सगळा इतिहास बसवला त्यात. उत्तर द्यायचं तर सरपंचाला फावडं घ्यावं लागलं. गोण तपासायला काकू.

"अर्धी चालायची नाय रे विल्या! दाब अजून!"

मग दोन्हीकडचे पेटले. कार्यकर्ते गोण्या भरून आपली पाळी नेत्याला देऊ लागले. जयगड बंदरातली पोरं शिफ्ट संपवून परस्पर तिथंच आली. ग्रुपवर मुंबईहून मेसेज पडला, 'आम्ही कसं बोलायचं?' मी लिहिलं, 'पहिल्या गाडीनं या.' त्यानंतर ग्रुप दिवसभर गप्प!

दुसऱ्या थराला भाषणांचा सूर बदलला. तात्या तरुणपणी चिऱ्याची बांधकामं करायचे. स्वतःची दोन मिनिटं सोडून ते ओरडले, "अरे, सांध्यावर सांधा येतोय! गोण सरकव!" आणि सरपंचानं चक्क सरकवली. मला हसूही आवरेना आणि आनंदही.

दुपारी बंधारा कमरेला लागला. तात्यांच्या खात्यावर अकरा पाळ्या शिल्लक होत्या.

"बोला तात्या," मी म्हटलं.

ते चिखलानं माखलेले उभे राहिले. घसा खाकरला. मागं वळून पाहिलं.

"सुगंधा, पाणी चढतंय गो," म्हणाले आणि खाली बसले. सगळेच बसले आणि बघत राहिले.

इतिवृत्तात मी लिहिलं: विषय क्रमांक एक, चर्चेअंती मंजूर व पूर्ण. बारा वर्षांच्या नोकरीत असं वाक्य पहिल्यांदा लिहिलं.

शिमगा झाला, पालखी नाचून गेली, तरी विहिरीला पुरुषभर पाणी होतं. काकूंची लेक आली. मुलगी झाली, गोरीगोमटी, आवाजानं थेट गावची. बारशाला सरपंच आणि तात्या दोघंही आले आणि बंधारा कुणामुळं झाला यावर पाळण्याशेजारीच त्यांची जुंपली.

भांडण बंद पाडायच्या फंदात मी आता पडत नाही. गावाला अजून एक पऱ्या आहे.