केबलच्या दुसऱ्या टोकाला

वसंतमामा गेला त्याला महिना उलटून गेला. त्या दिवशी सकाळी लॅबमध्ये एप्रन घालत होते, तेव्हा मामीचा फोन आला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दम थांबलो गो त्यांचो..." मी जोगेश्वरीला पोचले तेव्हा घर चाळीतल्या बायकांनी भरलं होतं.

मामा गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये जनरेटर व्हॅन चालवायचा. मालिकांच्या सेटवरचे दिवे त्याच्या डिझेल इंजिनावर पेटायचे. नातेवाइकांत तो 'शूटिंगवाला'. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, अमकी नटी खरंच गोरी आहे का हो? मामा हसून विषय बदलायचा. खरं सांगायचं तर त्याने शूटिंग कधी पाहिलंच नव्हतं. आवाज आणि धूर नको म्हणून व्हॅन भिंतीपलीकडे उभी करतात. मामा वारा बघून ती आणखी लांब न्यायचा, कारण ज्युनिअर आर्टिस्ट उघड्यावर जेवायला बसायचे आणि धूर त्यांच्या ताटात जायचा. "मामा, केबल पुरत नाय!" लाइटमन बोंबलायचे. "मगे दुसरी जोड," मामा म्हणायचा. आणि स्वतः मात्र इंजिनाला खेटून खुर्ची टाकायचा.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, तीही केमिस्ट्रीतली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मी त्याला सुनावलं, "लोकांना वाचवतोस आणि स्वतः काजळी गिळतोस? तूपण लांब बस ना!"

"गो बाय, इंजिनाचो आवाज बदललो तर लांबसून माका कसो कळतलो? मधीच लाइट गेली तर?"

"गेली तर गेली."

मी देवळात चप्पल घालून शिरले असावे, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

मध्ये एकदा व्हॅनच्या मालकाने, शेठने, तळणीच्या उरलेल्या तेलाचं बायोडिझेल आणलं. धूर कमी झाला, पण त्याला भज्यांचा वास यायला लागला. अर्धं युनिट भिंतीमागे डोकावून जायचं, "मामा, नाश्ता लागला काय?" मामाला फार मजा वाटायची. पण ते तेल वेळेवर मिळेना, आणि पुन्हा डिझेल सुरू झालं.

मग खोकला आला, तो गेलाच नाही. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट किती ओढता? मामाने उभ्या जन्मात विडीला हात लावला नव्हता. "हे काम सोडा," डॉक्टर म्हणाले. शेठ बॅटरीची व्हॅन घेणार होता. मामाचा सगळा जीव त्यात अडकला. बिनधुराची गाडी एकदा चालवायची, मग घरी बसायचं.

ती आली. ना धूर, ना आवाज. मामाने तिच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "जिती आसा काय ही?" ती थेट सेटला लागून उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मामाच्या डोळ्यांसमोर शॉट चालू होता. सासरी निघालेली मुलगी आईला म्हणते, "आई, मी निघते..." आणि नेमका तिथे मामाला खोकला आला.

"कट! कोण खोकतंय रे?"

त्याला जा असं कुणी म्हटलं नाही. मामानेच खुर्ची उचलली आणि भिंतीपलीकडे, जुन्या जागी जाऊन बसला. संध्याकाळी हसत सांगत होता, "वाट लागली गो त्यांच्या शॉटाची!" मला हसू आलं नाही.

त्यानंतर घरीसुद्धा खोकला आला की मामा उठून गॅलरीत जायचा. मामी वैतागायची, "अहो, आत बसा. हय कोण शूटिंग करता?" तरी जायचाच... शेवटचे काही दिवस तर तिथून आत यायलाही त्याला मामीचा खांदा लागायचा.

तो एपिसोड मामीच्या मोबाइलमध्ये आहे. परवा गेले तेव्हा तिने मला शेजारी बसवलं आणि लावला. मुलगी म्हणाली, "आई, मी निघते..." मामीने आवाज पूर्ण वाढवला. रीटेक चांगला झालाय. त्या वाक्यानंतर सेटवर एकदम शांत आहे, कुणाचा श्वासही ऐकू येत नाही.

मामीने बोट मागे सरकवलं आणि तेच वाक्य पुन्हा लावलं.