ठिपका
जुना टीव्ही तापला की करपल्या धुळीचा वास येतो, आणि मला रत्नागिरीच्या दवाखान्यातली ती खोली आठवते. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. वडील पोफळीच्या वीजघरात कंट्रोल रूममध्ये होते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचे पाय अडखळायला लागले होते, पण डोकं शाबूत आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. तेच तपासायला मुंबईच्या डॉक्टरांनी टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर आणला होता. पडद्यावर पांढरा ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच. पण वीजघरातली शिस्त अशी, की पॅनेलवरचा दिवा लागला की आधी मोठ्याने सांगायचं, मगच हात लावायचा. वडील दर ठिपक्याला खणखणीत "लागला!" म्हणायचे आणि मग बटण दाबायचे. "वेळ फार लागतोय," डॉक्टर म्हणाले. आईला एकदम धीर आला. "ते आधी बोलतात ना, म्हणून हो. ड्युटीची सवय ती." "मग न बोलता दाबा," म्हणत डॉक्टरांनी चाचणी पुन्हा घेतली. या खेपेला वडील ओठ घट्ट मिटून बसले. ठिपका यायचा, तसाच थांबायचा, आणि अंगठा जागचा हलायचा नाही. डॉक्टरांनी कॉम्प्युटर बंद केला. परतताना एसटीत आई म्हणाली, "त्या डब्याला काय कळतंय?" वडील खिडकीबाहेर बघत होते. "मला 'लागला' म्हणायलाच उशीर होत होता गं," ते म्हणाले. आता वडील नाहीत. वीज जाऊन परत आली, की म्हातारी आई कोणाच्याही आधी म्हणते, "लागला!"