पोथीत नसलेली ओवी

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत एक निवृत्त मास्तर दर गुरुवारी पोथी सांगतात. बायकांनी पोथीला हात लावू नये, अशी एक ओवी ते डोळे मिटून, बोट वर करून हमखास म्हणायचे. आम्ही माना डोलवायचो.

परवा त्यांना त्या ओवीचा क्रमांक हवा होता. मी त्यांना मोबाइलवर जुन्या पोथ्यांचं फुकट ग्रंथालय उघडून दिलं. त्यांनी पोथ्यांमागून पोथ्या चाळल्या, पण ओवी कुठंच सापडली नाही.

गुरुवारी ते खाली बघत म्हणाले, "ती ओवी पोथीत नाय. मी ऐकीव सांगत आलो. लई लाज वाटती."

मग त्यांनी पोथी समोर बसलेल्या बायकोच्या हातात दिली. तिनं ती डोळ्यांजवळ धरली आणि हलकेच परत केली.

"आता अक्षर दिसत नाय मला," ती म्हणाली.