मयतवाला, उचलू नका

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. ‘फळ्यावर हे कोणी लिहिलं? निमूट उभं राहायचं!’ – हे किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. कोणी ना कोणी उभं राहायचंच. मी जे लिहिलं ते मात्र आजवर कोणापुढे कबूल केलं नाही. आमच्या ह्यांच्यापुढेही नाही. तुम्ही ना आमच्या भावकीतले, ना महाडचे, म्हणून तुम्हाला सांगतेय.

तसं माझं छान चाललंय हं, हे आधीच सांगते. रडगाणं नाही हे. सकाळी चवदार तळ्यापर्यंत एक फेरी, येताना भाजी, दुपारी डुलकी. गुडघे सोडले तर कशाचीच तक्रार नाही.

फोनच्या बाबतीत मात्र घरातली फौजदार मीच. कारण आमचे हे – काय सांगू! कुठलाही नंबर येवो, ‘बोला, बोला’ करत उचलणार. कर्ज घ्या म्हणणाऱ्या मुलीला, जेवलीस का गं, म्हणून विचारणार. एकदा वीज तोडतो म्हणणाऱ्या भामट्याला मीटरचा आकडा वाचून दाखवायला खुर्चीवर चढले होते. मी फोन हिसकावला म्हणून वाचलो. त्यानंतर मुलानं आमच्या दोघांच्या फोनवर ते ॲप घालून दिलं – फोन कोणाचा आहे ते दाखवणारं. नंबर आपल्याकडे नसला तरी लोकांनी त्याला जे नाव दिलं असेल ते पडद्यावर येतं. नाव चुकीचं वाटलं तर आपण दुसरं सुचवायचं. मला तर खेळणंच मिळालं. कोण चोर, कोण लबाड, सगळ्यांची नावं मी लिहून टाकायची. नावं ठेवण्यात आम्ही बाया तशाही तयार!

आता दत्ताराम भावोजींचं सांगते. हे ह्यांचे चुलतभाऊ. पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव आहे, तिथे राहतात, भाताची शेती बघतात. गावात कोणी वारलं की मुंबई, पनवेल, महाड, जिथे जिथे भावकी पसरलीय तिथे कळवायचं काम त्यांचं. कोणी नेमलं नव्हतं. त्यांच्या पडवीतच काय ती रेंज येते, म्हणून पडलं गळ्यात. आणि सोपं नाही हो ते. कोण येतंय, किती वाजता पोचतंय, तोवर थांबायचं की नाही, सगळं त्यांनीच बघायचं. ‘हॅलो’ वगैरे भानगड नाही. ‘अमका गेला. चारला उचलनार.’ संपला फोन.

आणि आमच्याकडे सुतकाचं असं आहे – कळलं की लागलं. कळलंच नाही तर लागत नाही. त्यामुळे घरात कार्य असलं की भावकीतली अर्धी माणसं भावोजींचा फोन उचलतच नाहीत. हसू नका, खरंच!

आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गुरुजी पाटावर बसलेले, शिरा तयार, शाळेतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी नटूनथटून आलेल्या. संकल्प सोडायला पाच मिनिटं होती. एकदा संकल्प सोडला की मग सुतक आड येत नाही – पाचच मिनिटं! – आणि ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी सवयीनं न बघताच उचलला. गावचे कोणी लांबचे काका गेले होते. मी त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. गुरुजींनी पळी खाली ठेवली. माणसं शिरा न खाता, चुळबुळत, चपला शोधत निघून गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेलेल्या माणसावर चिडता येत नाही. नवऱ्यावर चिडून झालं होतं. मग उरलं कोण?

दुपारी पलंगावर बसले आणि ॲप उघडलं. भावोजींचा नंबर काढला. नाव सुचवा, असं लिहिलेलं होतंच. मी लिहिलं – ‘मयतवाला, उचलू नका’.

लिहिलं आणि स्वतःशीच हसले. फोनही उचलतात आणि मयतही उचलतात, कळलं ना? स्वतःच्या विनोदावर खूश होते मी. हे नाव साऱ्या जगाला दिसेल हे ठाऊक नव्हतं, असं आता म्हणू का? ठाऊक होतं. दिसावं म्हणूनच लिहिलं होतं.

आणि मग विसरले. हेच तर वाईट. राग चार दिवसांत गेला, नंतरच्या मुहूर्तावर वास्तुशांतही झाली, भावोजी स्वतः फणस घेऊन जेवायला आले. मी त्यांना आग्रह करकरून वाढलं. ते नाव मात्र राहिलं तिथेच.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका सकाळी भावोजी एसटीनं महाडला आले आणि आमच्या बैठकीत टोपी काढून बसले. त्यांची मुलगी प्रणाली – नर्सिंग केलेली, पोलादपूरला नोकरीला, गुणी पोर. तिच्यासाठी स्थळं बघत होते, हे मला माहीत होतं. खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर आठ-नऊ नंबर. म्हणाले, ‘वहिनी, माझ्या फोनात काय बिघाड हाय काय बघा जरा. रिंग जाते, पन कोन उचलीत नाय.’

मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘का पोरीबद्दल कोन काय वायट बोललाय?’

त्यांना तेच वाटत होतं. सगळ्या घराला तेच वाटत होतं. जाऊबाईंनी शेजारणीवर संशय घेऊन तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि प्रणाली – जी कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात – ती म्हणायला लागली होती की माझ्यातच काहीतरी असेल, नकोच मला लग्न. कामावरून येऊन सरळ आत जाऊन बसायची म्हणे. हे सगळं ते मला सांगत होते. मला! कारण मी शिकलेली, आणि फोनमधलं मला कळतं.

ह्यांचा फोन नुकताच बदललेला, ॲप घातलं होतं पण जुने नंबर त्यात यायचे होते. हे बाजारात गेले होते, फोन घरीच होता. मी भावोजींच्या फोनवरून ह्यांना रिंग दिली. आणि पडद्यावर आलं – माझंच वाक्य. मी टाकलेल्या स्वल्पविरामासकट.

फोन पटकन पालथा घातला. भावोजी माझ्या तोंडाकडे बघत होते – डॉक्टरकडे बघावं तसे. तेव्हा बोलायला हवं होतं की नको? दोन वाक्यांचं काम होतं. भावोजी, हे मी केलं. रागात केलं. ते रागावले असते, कदाचित रागावलेही नसते. आणि मी काय बोलले? ‘रेंजचा घोटाळा असेल, भावोजी. तुमच्या डोंगरात रेंज कुठे धड असते?’

त्यांनी मान डोलावली. इतका विश्वास!

चहाच्या निमित्तानं आत गेले आणि शेगडीपाशी उभी राहून ते नाव खोडलं. साधं ‘दत्ताराम, पोलादपूर’ असं सुचवलं. मग बाहेर येऊन मोठ्या मनाची बाई असल्यासारखी म्हणाले, तुम्ही राहू द्या, माझ्या फोनवरून मीच लावते. महाडजवळच्या सव गावचं एक स्थळ होतं कागदावर. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. पाच महिन्यांत लग्न झालं. मांडवात भावोजींनी भर माणसांत मला साडी दिली, वाकून नमस्कार केला, म्हणाले, वहिनींनी जमवला. मी साडी घेतली. आशीर्वादही दिला.

तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण प्रणाली लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिची सासूही सोबत होती, आणि आम्हीही गावी जेवायला गेलो होतो. बाई मोकळ्या स्वभावाची. जेवताना म्हणाली, ‘अहो, तुमचे तीन फोन मी कापले होते! मयतवाला, उचलू नका, असं नाव यायचं. पोराच्या लग्नाचं बघतोय आणि हे कसलं, म्हणून.’ भावोजींचा घास हातातच राहिला. मग ते हसले. हळूच मला म्हणाले, ‘म्हंजे पोरीत काय खोट नव्हती, वहिनी.’

कोणी केलं असेल असा हरामखोरपणा, अशी पंगतीत चर्चा झाली. आणि मी काय केलं सांगू? ‘लोकांना दुसरे उद्योग नाहीत,’ असं म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. मूळ चुकीपेक्षा मला हे जास्त लागतं. त्या दिवशी मला कोणावर रागही नव्हता.

आता सगळं आनंदात आहे. प्रणाली सवला सुखात नांदतेय, जाऊबाई शेजारणीशी पुन्हा बोलायला लागल्यात. मयताचे फोन भावोजी अजूनही करतात, दुसरं कोण करणार? पण त्या पंगतीपासून त्यांना एक सवय लागलीय. एरवी कोणालाही फोन लावला की समोरच्यानं उचलल्या उचलल्या आधी घाईघाईनं सांगतात – ‘कोन गेलेला नाय हां!’ मग स्वतःचं नाव, मग काम. बँकेत लावला तरी तसंच. भावकीत सगळे हसतात त्यावर. तेही हसतात.

परवा मला फोन आला. ‘वहिनी, कोन गेलेला नाय हां,’ म्हणाले. आवाज भरून आलेला होता. ‘आज एक आलीय. प्रणालीला मुलगी झाली.’

मला खूप आनंद झाला. अगदी मनापासून. तोंड गोड कधी करताय, असं मी विचारलं. दुसरं काही बोलले नाही.