चौथीच्या वर्गात मी हात वर करायला लावले

मैत्रिणींनो, काल याच ग्रुपवर मी तावातावाने लिहिलं होतं: नुसती गुटखाबंदी काय कामाची? तंबाखूवरच बंदी आणा, खाणाऱ्यालाही आत टाका आणि शाळेत व्यसनमुक्तीचा तास सक्तीचा करा. तुम्ही भरभरून लाईक दिलेत.

आज तेलगावकडच्या माझ्या शाळेत चौथीच्या पोरांपुढे तेच भाषण ठोकलं. वर विचारलं, "कुणाच्या घरी तंबाखू आहे? हात वर करा."

एकट्या सोनालीने हात वर केला. "माझी आई मिश्री लावती, मॅडम."

पोरं फिदीफिदी हसली. मी त्यांना गप्प केलं नाही. उलट म्हणाले, "बघा, घरातूनच सुरुवात होते."

मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. डोळे भरलेले. "मॅडम, माझ्या आईला पोलीस नेतील का?"

"न्हाई गं," म्हणून मी तिला जवळ घेतलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मॅडम, तुमच्या तोंडाला बी आईवानीच वास येतो."

खरंय. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री मीही रोज सकाळी लावते. आजही लावूनच, वर बडीशेप चघळत शाळेत गेलते.

मी पटकन तोंडावर हात धरला. तर तीच हळूच म्हणाली, "मी कुनाला न्हाई सांगनार."

एवढं सांभाळून घेणं तर मलाही वर्गात तिच्यासाठी जमलं असतं.

उद्या तोच प्रश्न पुन्हा विचारून सगळ्यांआधी मीच हात वर करावा म्हणते. काल लाईक देणाऱ्या तुमच्यापैकी किती जणी करतील?