विषम अंक सुदेशकडे, सम माझ्याकडे

सुदेशला मी ब्लॉक केलं नव्हतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

परवा सकाळी तो गेला. कल्याणच्या हॉस्पिटलात. लिव्हरचा कॅन्सर.

मला कळलं ते आमच्या ‘काजळ्या’ फॅन्सच्या ग्रुपवरून. शाळेपासूनचा मित्र, आणि बातमी ग्रुपवर. ॲडमिन मीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ‘काजळ्या’ हे आमच्या लहानपणीचं कॉमिक. ब्लॅक अँड व्हाइट, चोवीस अंक, मग बंद पडलं. काळं घोंगडं पांघरून फिरणारा आणि गुंडांना बडवणारा माणूस.

मानपाडा रोडला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. दोघांत मिळून एकच अंक घ्यायचो. विषम अंक त्याच्याकडे, सम माझ्याकडे.

प्रत्येक गोष्ट पुढच्या अंकात संपायची. त्यामुळे कितीही भांडलो तरी आठवड्याभरात कुणीतरी कुणाची तरी बेल वाजवायचाच.

चोविसावा माझ्या वाट्याला आलेला. त्याचं शेवटचं पान अख्खं काळं आहे. डाव्या कडेला फक्त एक बारीक पांढरी रेघ.

मी म्हणायचो, “सुटला तो. दार किलकिलं करून पळाला.”

सुदेश म्हणायचा, “मेला रे. दार बंद होतंय ते.”

या एका रेघेवर आम्ही दहावी, कॉलेज, दोघांची लग्नं, सगळं काढलं.

पुढे तो दुकानांचे बोर्ड रंगवायला लागला, मग फ्लेक्स डिझाइन. हातात ब्रश धरलेला माणूस. एकदा पान उजेडात धरून म्हणाला, “निल्या, हा पांढरा रंग वरून मारलेला नाहीये. एवढी जागा सोडलीये. दोन्ही बाजूंनी काळं आणत आणत इथे थांबलाय. अजून एक हात फिरवला असता तर संपलं असतं. त्याच्याच्याने झालं नाही.”

मी म्हटलं, “म्हणजे जिवंत आहे.”

तो म्हणाला, “म्हणजे काढणाऱ्याला माहितीये.”

गेल्या वर्षी सिनेमा आला. घोंगडं जाऊन लेदरचा कोट आला, ग्रुपवर आठवडाभर आग. पण खरा राडा शेवटावरून. सिनेमात काजळ्या मरतो. मारामारीत नाही. हॉस्पिटलच्या कॉटवर, आजारी पडून.

मी लांबलचक पोस्ट टाकली. आमच्या काजळ्याची वाट लावली, वगैरे वगैरे.

दुसऱ्या दिवशी सुदेशचा रिव्ह्यू आला. माझ्या पोस्टपेक्षाही मोठा. पहिली ओळ होती, “मला शेवट पटला.” दुसरी, “काजळ्या दमला होता.”

मी दोनच ओळी वाचल्या.

खाली लिहिलं, “हा शेवट ज्याला पटतो तो फॅनच नाही. प्रोड्यूसरचा जावई आहेस का रे?”

लोक हसले. हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी त्याचा पर्सनल मेसेज आला.

“भेटूया का? ठाण्याला येतो मी. एक सांगायचंय.”

मी लिहिलं, “आधी तो रिव्ह्यू डिलीट कर.”

अर्ध्या तासाने उत्तर आलं, “केला.”

मी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, विकेट पडली.

त्याला म्हटलं, या आठवड्यात जमत नाही रे.

तो म्हणाला, “बरं.”

त्याचा शेवटचा शब्द माझ्याकडे तेवढाच आहे. नंतर तो ग्रुपमधून बाहेर पडला. मी अकरा महिने वाट बघत बसलो की बेल तो वाजवेल. चूक त्याची होती ना.

काल त्याच्या घरी गेलेलो. वहिनींनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, “भाऊजी, त्यांना तोंडाने सांगायला जमत नव्हतं हो. म्हणून त्या सिनेमाच्या पोस्टमध्ये लिहिलेलं. आजाराचं, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं. शेवटी शेवटी होतं. तुम्ही वाचलंत ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मग आला नाहीत ते?”

रागावून नाही विचारलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मुक्ता बाजूलाच बसलेली. त्याची मुलगी, सातवीत आहे. मांडीवर तेविसावा अंक.

“काका, यात तो विहिरीत पडतो. पुढे काय होतं? पप्पा म्हणाले, पुढचं तुमच्याकडे असतं.”

“तुला पप्पांनी सांगितलं नाही?”

“विचारलं मी. म्हणाले, निलेशकाका आला की त्याला विचार.”

म्हणजे तो शेवटपर्यंत धरून चालला होता की मी येणार.

आज सकाळी बाराच्या बारा सम अंक काढले. धूळ पुसली. चोविसाव्याचं शेवटचं पान खिडकीत धरून बघितलं, तो धरायचा तसं. रेघ दिसली. त्यातून कुणी पळून जाईल एवढी जागा मला तरी दिसली नाही.

संध्याकाळी मुक्ताकडे अंक द्यायला जातोय. चोविसावा वाचताना तिच्याजवळ बसेन म्हणतो.

ग्रुपवाल्यांनो, एक मागणं आहे. त्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट कुणाकडे असेल तर पाठवा. त्याच्या फोनमध्ये नाही, वहिनींनी शोधला. माझ्याकडे फक्त विकेट पडल्याचा आहे.

तेव्हा हसलात म्हणजे तुम्हीही पूर्ण वाचला नसणार, कळतंय मला. तरी बघा.

सुद्या, रेघेबद्दल तुझंच बरोबर होतं. दार बंदच होत होतं.

मान्य. उशिरा मान्य.

जा मित्रा.